क्लिनिकल पोस्टिंग (फिजिओथेरपी शिक्षण, मराठवाडा)

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याने रुग्णालयात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, रुग्णांसोबत घेतलेले प्रशिक्षण म्हणजे क्लिनिकल पोस्टिंग. व्यावसायिक आचरणाचे धडे वर्गात दिले जातात, पण ते अंगी बाणतात ते इथेच. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, लातूर येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) च्या जुन्या अभ्यासक्रमात चार वर्षांनंतर सहा महिन्यांची इंटर्नशिप असते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झालेल्या, फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात ती एक वर्षाची झाली आहे.

ऑर्थो (हाडे-सांधे), न्यूरो (मेंदू व मज्जासंस्था), आयसीयू, बालरोग अशा विभागांत विद्यार्थी आळीपाळीने जातात. आधी नुसते पाहायचे, मग केस घ्यायची, म्हणजे रुग्णाला विचारून-तपासून नोंद करायची, मग उपचार करायचे, अशा पायऱ्या असतात. विद्यार्थ्याने लिहिलेल्या केसशीटवर (रुग्णाच्या नोंदीच्या कागदावर) शिक्षकांची सही लागते. न केलेली तपासणी केल्याचे लिहिणे हा गंभीर गैरप्रकार आहे, कारण पुढचा माणूस त्याच नोंदीवर विसंबून उपचार करतो.

या पेशात हाताने स्पर्श करावाच लागतो, त्यामुळे संमतीचा प्रश्न रोजचाच. गुडघे धरलेली, नऊवारी नेसलेली आजी तपासायला आली, तर दोन्ही गुडघे उघडे करून तुलना करावी लागते, मांडीचा घेर टेपने मोजावा लागतो. अशा वेळी आधी काय करणार ते सांगायचे, तिचा होकार घ्यायचा, पडदा ओढायचा, लागेल तेवढाच भाग उघडा ठेवून बाकी चादरीने झाकायचे. विद्यार्थी मुलगा असेल तर सोबत बाई कर्मचारी किंवा नातेवाईक हवी. होकार आजीचाच हवा, सोबत आलेल्या मुलाचा नव्हे. घरातले कर्ते बोलतात आणि रुग्ण गप्प बसतो, हे ओपीडीत फार दिसते. तेव्हा प्रश्न रुग्णालाच विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लावणे शिक्षकाचे काम आहे.

सुरक्षिततेचे नियमही आचरणातच मोडतात. हॉटपॅक (शेकाची गरम पिशवी) लावण्याआधी गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्या त्वचेला लावून संवेदना तपासतात. जुन्या मधुमेहात पाय बधिर झालेले असू शकतात, आणि घाईत ही तपासणी टाळली तर त्वचा भाजते. अंगावरून वारं गेलेल्या रुग्णाला उठवताना घरचे लोक लुळा हातच ओढतात. त्याने खांदा निखळू शकतो, म्हणून धडाला आधार देऊन कसे उठवायचे ते मुलांना, सुनांना त्यांच्याच हातून करवून दाखवावे लागते. त्यांना रागावून काही साधत नाही.

‘कोणत्या गावचं बाळ तू?’ हा वॉर्डातला पहिला प्रश्न असतो, आणि अनेकदा तालुका एकच निघतो. त्या ओळखीने रुग्ण मोकळा होतो, पण गोपनीयतेची जबाबदारीही वाढते. निदान गावात पोचता कामा नये, ओळखीच्या माणसाने विचारले तरीही. वॉर्डात मोबाइलने फोटो किंवा रील काढण्याला मनाईच असायला हवी.

घरी करायच्या व्यायामांकडे अभ्यासक्रमात मिळते त्याहून अधिक लक्ष द्यायला हवे. बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. वाकून तोडणी, डोक्यावर मोळी, यात कंबर जाते. अशा मजुराला ‘वाकू नका, पंधरा दिवस विश्रांती घ्या’ असे सांगणे निरुपयोगी आहे, कारण खाडा झाला की मजुरी कापली जाते आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची राहते. त्याला कोपीत (फडाजवळच्या झोपडीत), चटईवर करता येतील असे दोन-तीनच व्यायाम द्यावेत, मोळी उचलताना गुडघ्यात कसे वाकायचे ते दाखवावे आणि निघण्यापूर्वी त्याच्याकडून ते करून घ्यावेत. पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर जवळच्या रुग्णालयात तातडीने जायचे, हेही त्याला आणि त्याच्या जोडीदाराला स्पष्ट सांगून केसशीटवर नोंदवावे.