क्रॅश लँडिंग ऑन यू (कोरियन मालिका)

क्रॅश लँडिंग ऑन यू ही दक्षिण कोरियातल्या टीव्हीएन चॅनेलवर १४ डिसेंबर २०१९ ते १६ फेब्रुवारी २०२० या काळात शनिवार-रविवारी लागलेली १६ भागांची प्रेमकथा. मूळ कोरियन नावाचा अर्थ साधारण 'प्रेमाचं आणीबाणीतलं लँडिंग' असा होतो. लेखिका पार्क जी-उन, दिग्दर्शक ली जाँग-ह्यो, आणि मुख्य जोडी ह्यून बिन आणि सोन ये-जिन. पहिल्या भागाचा रेटिंग ६ टक्क्यांच्या आसपास होता आणि शेवटच्या भागाचा २१.६८ टक्के, जो तेव्हा त्या चॅनेलचा रेकॉर्ड होता. हा रेकॉर्ड पुढे २०२४ मध्ये 'क्वीन ऑफ टिअर्स'ने मोडला, आणि ती मालिकासुद्धा पार्क जी-उन यांचीच. आपल्याकडे ही आली ती नेटफ्लिक्सवरून, आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांची लॉकडाऊनमध्ये बघितलेली पहिली कोरियन मालिका हीच होती.

गोष्ट थोडक्यात अशी. सोलमधल्या एका गडगंज उद्योगपतीची मुलगी युन से-री, स्वतःची फॅशन आणि ब्यूटीची कंपनी चालवणारी, पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि सीमा ओलांडून थेट उत्तर कोरियाच्या हद्दीत एका झाडावर जाऊन अडकते. तिथे तिला भेटतो कॅप्टन री जाँग-ह्योक. तो तिला पकडून देत नाही, सीमेजवळच्या गावातल्या आपल्या घरी लपवतो, लोकांना सांगतो की ही माझी होणारी बायको, आणि तिला परत कसं पाठवायचं यात अर्धी मालिका जाते. एका दक्षिण कोरियन अभिनेत्रीची बोट २००८ मध्ये भरकटून उत्तरेच्या समुद्रात गेली होती, त्या बातमीवरून ही कल्पना सुचली.

मालिकेची सगळ्यात जमेची बाजू म्हणजे ते गाव. प्रेमकथेच्या आधी मी गावाचं नाव घेते कारण पहिले नऊ-दहा भाग उभे आहेत ते त्याच्याच जिवावर. लेखिकेच्या टीममध्ये उत्तर कोरियातून पळून आलेले आणि तिथल्या राजधानीत, प्याँगयाँगमध्ये, सिनेमा शिकलेले क्वाक मून-वान होते, शिवाय तिथून आलेल्या इतर लोकांशीही बोलून माहिती गोळा केलेली, आणि ते पडद्यावर दिसतं. लाइट कधीही जाते. किमचीची, म्हणजे आंबवलेल्या कोबीची, साठवण जमिनीखालच्या खड्ड्यात असते आणि रात्री अचानक घराची झडती येते तेव्हा से-रीला त्याच खड्ड्यात लपावं लागतं. आंघोळीला गरम पाणी हवं तर टबावर प्लॅस्टिकचा तंबू बांधून वाफ आत कोंडायची. बाजारात दक्षिणेचा शॅम्पू पुढे मांडलेला नसतो, विचारलं की गुपचूप आतून काढून देतात. प्याँगयाँगला जाणारी ट्रेन वीज गेल्यामुळे माळावर तासन्‌तास उभी राहते, तर आजूबाजूचे लोक खाणं आणि पांघरुणं घेऊन डब्याकडे धावत येतात विकायला, आणि प्रवासी शेकोट्या पेटवून रात्र काढतात. (हे ट्रेनचे सीन मंगोलियात शूट केलेत, तिथल्या थंडीमुळे ते फार खरे वाटतात.) या सगळ्यात कुणाची कीव केलेली नाही, की त्यांना शत्रू म्हणूनही रंगवलेलं नाही, माणसं आपापल्या परीने दिवस ढकलताहेत एवढंच दाखवलंय.

गावातल्या चार बायका, म्हणजे अधिकाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या बायका, आधी से-रीवर संशय घेतात, मग तिच्याकडून केसांची स्टाइल शिकतात, मग तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. आपल्या चाळीत नाही का, नवीन आलेल्या सुनेला आधी पारखून घेतात आणि नंतर तीच सगळ्यांची लाडकी होते, अगदी तसं. कॅप्टनच्या हाताखालचे चार सैनिकही असेच लक्षात राहतात, त्यातला एक चोरून दक्षिण कोरियन मालिका बघणारा, से-री काय बोलतेय ते बाकीच्यांना समजावून सांगणारा.

आता प्रेम. कॅप्टन री फारसं बोलत नाही, जे काही आहे ते हातांनी करतो. से-रीला कॉफी लागते म्हणून कच्च्या बिया आणून कढईत भाजतो, कुटतो, गाळतो, नूडल्स घरी करतो. त्यात मेणबत्तीचा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. ती सुवासिक मेणबत्ती मागते, त्याला ही काय भानगड ते माहीत नाही, तो लाइट गेल्यावर लावतात ती साधी मेणबत्ती घेऊन येतो. पुढे एकदा संध्याकाळी बाजाराच्या गर्दीत ती हरवते, अंधार पडलेला, हाक मारावी तर कुणाला, आणि तेवढ्यात माणसांच्या डोक्यांवर एक पेटलेली मेणबत्ती वर धरलेली दिसते. तो उभा असतो, तिने आपल्याला शोधावं म्हणून हात उंच करून. जवळ आल्यावर विचारतो की या वेळी वासाची आणलीय, बरोबर आहे ना. बास, एवढंच. ना मिठी, ना मोठा डायलॉग, आणि तरी चौथा भाग तिथे संपतो तेव्हा पाचवा लावल्याशिवाय झोप येत नाही.

बाजूच्या पात्रांमध्ये माझ्या मते सगळ्यात ताकदीचं पात्र जाँग मान-बोक. हा लोकांची बोलणी चोरून ऐकणारा सरकारी माणूस, गाव अशा माणसांना 'कान' म्हणतं, बापाच्या या कामामुळे त्याच्या पोराला शाळेत मार बसतो. कॅप्टनच्या मेलेल्या भावाच्या प्रकरणात आपला हात होता हे त्याला आतून खात राहतं. किम यंग-मिन या नटाने हे काम नुसत्या खाली घातलेल्या मानेने आणि हेडफोन लावलेल्या चेहऱ्याने केलंय.

कमकुवत बाजू पण तेवढ्याच स्पष्ट आहेत. पहिली म्हणजे लांबी. एकेक भाग सव्वा तासाच्या आसपास आणि शेवटचा तर दीड तासाच्याही पुढे. गोष्ट सोलला पोचल्यावर वेग मरतो, गोळ्या लागणं आणि हॉस्पिटलच्या खोल्या परत परत येतात, से-रीच्या भावांची आणि वहिन्यांची कारस्थानं कुठल्याही श्रीमंत घराच्या मालिकेतून उचलल्यासारखी वाटतात. उत्तरेत प्रत्येक वस्तूला कष्टाचा वास होता, सोलमध्ये त्याच जागी जाहिरातीच्या वस्तू येतात, फ्राइड चिकनच्या दुकानात कॅप्टनचे ते सैनिक इतक्या वेळा बसतात की दुकानच एक पात्र होऊन जातं. खलनायक चो चोल-गांग शेवटी नुसता पाठलाग करणारा माणूस उरतो.

दुसरी म्हणजे योगायोग. सात वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमध्ये तीच दोघं, तोच पूल, तळ्याकाठी त्याने वाजवलेला तोच पियानो, जो ऐकून जीव द्यायला निघालेली से-री थांबते. सीन सुंदर आहे पण त्यामुळे झाडावर पडण्यातला निव्वळ अपघात नाहीसा होतो, आणि मला तो अपघातच जास्त आवडला होता. पार्क जी-उन यांची ही सवयच आहे, त्यांच्या आधीच्या 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' या मालिकेतही जुनी ओळख निघते. दुसऱ्या जोडीवर, म्हणजे सेलो वाजवणारी सो दान आणि लपून राहिलेला ठग गू सुंग-जुन यांच्यावर, तर सरळ अन्याय झालाय. दानला आधी नुसती आडवी येणारी, कॅप्टनची वाग्दत्त वधू म्हणून वापरलं, ती माणूस म्हणून उमलायला लागली आणि लगेच सुंग-जुनला मारून टाकलं.

तिसरा आक्षेप राजकीय. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या एका ख्रिश्चन पक्षाने उत्तरेचं उदात्तीकरण केलं म्हणून राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली तक्रार केली होती. मला ती तक्रार पटत नाही, कारण झडती, पाळत, रस्त्यावरची उपाशी पोरं हे सगळं मालिकेत आहे. पण कैद्यांच्या छावण्यांची, उपासमारीची खरी भीती कॅप्टनच्या नीटनेटक्या घरापर्यंत पोचत नाही हे मात्र खरं, आणि त्याचे वडील सैन्यात एवढ्या वरच्या पदावर असल्यामुळे शेवटी बऱ्याच गोष्टी सुटतात, तीच सूट गावातल्या कुणाला मिळाली नसती.

सबटायटलवर बघणाऱ्यांचं अजून एक नुकसान होतं, ते म्हणजे बोली. उत्तरेतला 'इलॉप्सो' म्हणजे 'ठीक आहे, काही हरकत नाही', दक्षिणेत तोच शब्द 'गरज नाही' असा तुटक ऐकू येतो, आणि अशा फरकांवर बरेच विनोद आहेत. मालवणीतलं नाटक कुणी पुस्तकी मराठीत वाचून दाखवावं तसं होतं ते.

शेवटाबद्दल अजून वाद होतात. दोघं कायमची एकत्र येत नाहीत, वर्षातून दोन आठवडे स्वित्झर्लंडमध्ये भेटतात, तो पियानिस्ट म्हणून येतो, ती तिच्या शिष्यवृत्तीच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने. आमच्या घरी आई यावर दोन दिवस नाराज होती, एवढं सोसून पंधरा दिवस फक्त? मला मात्र हाच शेवट योग्य वाटतो, कारण ती सीमा खरी आहे, कोरियन युद्ध थांबलं तेव्हापासून, म्हणजे १९५३ पासून आहे, आणि त्या दोघांना सोल किंवा प्याँगयाँगमध्ये संसार थाटून दिला असता तर ट्रेनबाहेरच्या त्या शेकोट्या खोट्या पडल्या असत्या. पडद्याबाहेर ह्यून बिन आणि सोन ये-जिन यांनी ३१ मार्च २०२२ ला लग्न केलं. आणि स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएंझ तळ्याकाठच्या इझेल्टवाल्ड या चारेकशे वस्तीच्या गावात पियानोचा सीन झालेल्या धक्क्यावर एवढी गर्दी व्हायला लागली की २०२३ पासून तिथे फिरतं गेट बसवून ५ फ्रँक घेतात.