ऑस्ट्राव्हाच्या १८ मुलांमागचा इतिहास: रोमांना वेगळं काढणारी यंत्रणा

१३ नोव्हेंबर २००७ रोजी स्ट्रासबूर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी चेक प्रजासत्ताकाला दोषी ठरवलं. ऑस्ट्राव्हा शहरातल्या रोमा, म्हणजे ज्यांना ‘जिप्सी’ म्हटलं जातं त्या समाजातल्या १८ मुलांना १९९६ ते १९९९ या काळात ‘विशेष शाळेत’ घालण्यात आलं होतं. सर्वसाधारण अभ्यासक्रम झेपणार नाही इतकी बुद्धी कमी आहे, असा शिक्का बसलेल्या मुलांची ती शाळा. अर्जदारांनी न्यायालयापुढे मांडलेले आकडे असे होते: शहरातल्या सर्वसाधारण प्राथमिक शाळांत ३३,३७२ मुलं, त्यांत रोमा २.२६ टक्के. विशेष शाळांत १,३६० मुलं, त्यांत रोमा ७६२, म्हणजे ५६ टक्के. रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती.

‘रोमा मुलांना वेगळं बसवा’ असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. तरीही हे आकडे आले कुठून, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांची रोमानी भाषा आपल्या मराठीसारखीच भारतीय आर्य कुळातली आहे, आणि भाषांची तुलना करून १७८०च्या दशकातच जर्मन अभ्यासकांनी हे मूळ शोधून काढलं होतं. युरोपात त्यांच्या वाट्याला दोन वेगळ्या गोष्टी आल्या. पूर्वेला, आजच्या रुमानियातल्या वॉलेकिया आणि मोल्डाव्हिया या संस्थानांत, त्यांना गुलाम केलं गेलं. १३८५च्या एका दानपत्रात ४० रोमा कुटुंबं मठाला दिल्याची नोंद आहे, जमीन द्यावी तशी. राजाचे, मठांचे आणि सरदारांचे अशा तीन प्रकारच्या मालकीतली ही गुलामी १८५५-५६पर्यंत टिकली. ती संपली तेव्हा सुमारे अडीच लाख माणसं मोकळी झाली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. सुटलेल्यांना ना जमीन मिळाली, ना पैसा.

पश्चिमेला आणि मध्य युरोपात धोरण हाकलून देण्याचं होतं. चेक भूमीवर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग सम्राटांपैकी लिओपोल्ड पहिला याने १६९७मध्ये रोमांना कायद्याच्या संरक्षणाबाहेर काढलं. रोमा माणसाला मारणं हा गुन्हा उरला नाही. १७१०मध्ये जोसेफ पहिला याने त्याच्याही पुढचा हुकूम काढला: प्रौढ पुरुषांना खटल्याविना फाशी, बायका आणि मुलग्यांना फटके मारून हद्दपारी, आणि ओळख राहावी म्हणून चेक भूमीतल्या बोहेमिया प्रांतात उजवा कान कापायचा, मोरावियात डावा. कोण कुठून हाकलला गेला, ते शरीरावरच नोंदवून ठेवण्याची ही पद्धत होती.

पुढे हाब्सबुर्ग राणी मारिया थेरेसाच्या राजवटीत हाकलण्याऐवजी रोमांना ‘सुधारण्याची’ भाषा सुरू झाली. हंगेरीच्या प्रदेशात १७५८पासून एकामागून एक हुकूम निघाले. घोडे आणि गाड्या बाळगायला मनाई झाली, ‘नवे हंगेरियन’ असं नवं नाव देण्यात आलं, रोमांनी आपसांत लग्न करायला बंदी आली, आणि पाच वर्षांवरची मुलं काढून शेतकरी कुटुंबांकडे सोपवायची असं ठरलं. पुष्कळ मुलं पळून आईबापांकडे परतली. पण मूल घरापासून तोडलं की ‘प्रश्न’ सुटतो, ही कल्पना सरकारी डोक्यात तेव्हा शिरली ती पुढची दोनशे वर्षं निघाली नाही.

विसाव्या शतकात या सगळ्याला कार्यालयीन रूप आलं. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९मध्ये रोमांच्या नोंदीसाठी खास कचेरी उघडली आणि १९०५मध्ये तीन हजारांहून अधिक लोकांची यादी पुस्तकरूपाने छापली. फ्रान्सने १९१२मध्ये भटक्यांना शरीराची मापं आणि बोटांचे ठसे असलेलं ओळखपुस्तक सक्तीचं केलं. लोकशाही म्हणवणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाने हाच कित्ता गिरवत १९२७चा कायदा क्रमांक ११७ केला. चौदा वर्षांवरच्या ‘फिरत्या जिप्सीं’ना स्वतंत्र ओळखपत्र आणि त्यावर बोटांचे ठसे. टोळीने फिरायचं तर वेगळा परवाना. मुक्काम फक्त गावच्या प्रमुखाने नेमून दिलेल्या जागी, आणि कुटुंबाहून मोठ्या गटाने नाहीच. अठरा वर्षांखालची मुलं काढून घेण्याचा अधिकार सरकारला. ‘जिप्सींसारखं जगणारे’ असे इतर लोकही या कायद्याखाली येत, त्यामुळे कोण जिप्सी हे ठरवणं शेवटी जेंडार्म, म्हणजे सशस्त्र पोलीस शिपायाच्या हाती राहिलं. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणि सोलापूरची काटेरी तारांची सेटलमेंट ज्यांना माहीत आहे, त्यांना यातलं जवळपास प्रत्येक कलम ओळखीचं वाटेल: आधी जन्मावरून संशय, मग नोंद, मग हजेरी.

नोंदीचा धोका असा की ती कोणाच्या हाती पडेल हे करणाऱ्याला माहीत नसतं. १९३९मध्ये नाझी आले तेव्हा कशाप्रकारे माणसं शोधायची याची पद्धत आणि कागद तयार होते. ऑगस्ट १९४२मध्ये पीसेकजवळच्या लेती आणि मोरावियातल्या होदोनीन इथे रोमांच्या छावण्या सुरू झाल्या. पहाऱ्यावर जर्मन नव्हते, चेक जेंडार्म होते. लेतीत सुमारे १,३०० माणसं कोंडली गेली. काहीशे जणांसाठी बांधलेल्या लाकडी झोपड्यांत इतकी दाटी, त्यात १९४३च्या सुरुवातीला टायफसची साथ. तिथेच तीनशेहून अधिक मेले, त्यांत लहान मुलं फार. पाचशेहून अधिकांना ऑश्वित्झला पाठवलं गेलं. तिथल्या बिर्केनाउ छावणीच्या रोमा विभागात युरोपभरातून आणलेल्या सुमारे २३,००० माणसांपैकी बहुतेक सगळे मेले. २ ऑगस्ट १९४४च्या रात्री उरलेल्या हजारोंना एकाच वेळी गॅसच्या कोठड्यांत मारण्यात आलं. युद्धापूर्वी चेक भागात सुमारे साडेसहा हजार रोमा होते. छावण्यांतून परतले सहाशेहून कमी.

लेतीच्या जागी १९७०च्या दशकात सरकारने डुकरांचं मोठं फार्म उभं केलं. ते विकत घेऊन पाडायला आणि स्मारक उघडायला २०२४ साल उजाडावं लागलं.

आज चेक प्रजासत्ताकात राहणारे बहुतेक रोमा १९४५नंतर स्लोव्हाकियातून आलेल्यांचे वंशज आहेत, आणि शाळेच्या प्रश्नात ही गोष्ट महत्त्वाची आहे. जर्मनांना हाकलल्यावर रिकाम्या पडलेल्या सीमाभागात आणि ऑस्ट्राव्हासारख्या कोळसा-पोलादाच्या शहरांत मजूर हवे होते. ते आले ते स्लोव्हाक आणि रोमानी बोलत. कम्युनिस्ट राजवटीने १९५८मध्ये कायदा क्रमांक ७४ केला. त्यात ‘रोमा’ हा शब्दच नव्हता, ‘भटक्या व्यक्ती’ होत्या. फेब्रुवारी १९५९मध्ये चार दिवसांत यादी झाली. यादीत नाव आलं की परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे, आणि भटकणं चालू ठेवलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. फार पूर्वीच स्थिरावलेली कुटुंबंही या यादीत अडकली. १९६५मध्ये स्लोव्हाकियातल्या वस्त्या मोडून लोकांना चेक जिल्ह्यांत पांगवायची योजना आली. कोणत्याही गावात रोमा पाच टक्क्यांहून अधिक नकोत, असा हिशेब होता. ज्या गावांनी त्यांना घ्यायचं त्यांनी दारं लावून घेतली, नातलगांपासून तुटलेली कुटुंबं परत फिरली, आणि १९६८पर्यंत योजना बारगळली.

शाळेची यंत्रणा याच काळातली. कागदोपत्री ती अगदी नि:पक्षपाती होती. मूल मागे पडतंय असं वाटलं की शिक्षक त्याला मानसशास्त्रीय सल्ला केंद्रात पाठवत. तिथे बुद्ध्यंकाची चाचणी होई, केंद्र शिफारस करी, पालक संमती देत आणि मुख्याध्यापक निर्णय घेत. प्रत्येक पायरीवर एक गोष्ट चुकत होती. चाचण्या चेक बोलणाऱ्या बहुसंख्य मुलांवर बेतलेल्या होत्या. ज्या घरात चित्रांची पुस्तकं नाहीत, बालवाडी परवडत नाही आणि चेक भाषा अर्धीमुर्धी बोलली जाते, तिथल्या सहा वर्षांच्या मुलाने प्रश्न न समजल्याने दिलेलं उत्तर ‘कमी बुद्धी’ म्हणून नोंदलं जाई. संमती म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या छापील अर्जावर पालकांची सही. पुढे काय होणार, दुसरा पर्याय कोणता, हे त्यांना नीट सांगितलेलं नसे. कित्येक पालकांना तर विशेष शाळा बरीच वाटे, कारण भावंडं आणि शेजारची मुलं तिथेच होती आणि सर्वसाधारण शाळेत पोरांना चिडवलं जाई.

एकदा आत गेलेलं मूल सहसा बाहेर येत नसे. अभ्यासक्रमच सोपा आणि छोटा, त्यामुळे वर्षागणिक अंतर वाढत जाई. शिवाय २०००मध्ये कायदा बदलेपर्यंत विशेष शाळेतून निघालेल्याला सर्वसाधारण माध्यमिक शाळेत अर्जही करता येत नसे. म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी झालेल्या एका चाचणीने माणसाचा पुढचा रोजगार ठरत होता.

स्ट्रासबूर्गच्या निकालाचं मोल इथे आहे. २००६मध्ये छोट्या पीठाने हेतू सिद्ध होत नाही म्हणून दावा फेटाळला होता. मोठ्या पीठाने हेतूची अट सोडून दिली: आकडेवारीतून विषम परिणाम दिसला की तो भेदभाव नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. आणि वंशभेदाला पालकांची संमती चालत नाही, कारण समान वागणुकीचा हक्क सहीने सोडून देता येत नाही. प्रत्येक मुलाला ४,००० युरो देण्याचा आदेश झाला.

याच वर्षांत वेगळं काढणं इतर रूपांतही चालू होतं. ऑक्टोबर १९९९मध्ये ऊस्ती नाद लाबेम शहराच्या मातिच्नी रस्त्यावर रोमा भाडेकरू आणि समोरची खासगी घरं यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. देशोदेशी गवगवा झाल्यावर सहा आठवड्यांत ती पाडली गेली, आणि सरकारी पैशातून समोरच्या मालकांची घरं विकत घेण्यात आली. दवाखान्यांत रोमा स्त्रियांची नसबंदी त्यांना न समजावता केली जात होती. कम्युनिस्ट राजवटीच्या विरोधकांच्या चार्टर ७७ या गटाने १९७८मध्येच त्याविरुद्ध आवाज उठवला होता, पण प्रत्येकी तीन लाख कोरुना भरपाईचा कायदा यायला २०२१ उजाडलं. तोवर त्यातल्या अनेक जणी हयात नव्हत्या.

निकालापूर्वीच, २००५मध्ये, ‘विशेष शाळा’ हे नाव गेलं होतं आणि तिथे ‘व्यावहारिक शाळा’ आली होती. बऱ्याचदा इमारत तीच, शिक्षक तेच. २०१२मध्ये चेक लोकपाल कार्यालयाच्या पाहणीत अशा शाळांतली सुमारे एक तृतीयांश मुलं रोमा निघाली. देशाच्या लोकसंख्येत ते दोन टक्क्यांच्या आसपास आहेत. २०१४मध्ये युरोपीय आयोगाने चेक प्रजासत्ताकाविरुद्ध कारवाई सुरू केली, पुढे स्लोव्हाकिया आणि हंगेरीविरुद्धही. त्यानंतर २०१६मध्ये चेक सरकारने हा कमी केलेला अभ्यासक्रम बंद केला आणि २०१७पासून शाळेआधीचं एक वर्ष सक्तीचं व मोफत केलं. दोन्ही पावलं खरोखर उपयोगाची आहेत, कारण ती थेट चाचणी आणि भाषा या दोन दुखऱ्या जागांवर पडतात. राहिलेला मोठा भाग मात्र सर्वसाधारण शाळांतच घडतो. शाळेत रोमा मुलं वाढली की बाकीचे पालक आपली मुलं काढून दुसऱ्या भागातल्या शाळेत घालतात, आणि चेक कायदा पालकांना तशी निवड देतो. हद्दी कशा आखायच्या हे नगरपालिकेच्या हातात असतं. दोन शेजारच्या शाळांची हद्द एक केली, मुलं दोन्हींत सारखी वाटली आणि बससाठी पैसे दिले, तर हे थांबवता येतं. पण त्यासाठी ज्या मतदारांची मुलं हलवावी लागतात, त्यांच्याच मतांवर महापौर निवडून येतो.