मॅनेजरसाहेबांना दोनदा कोणी धुतलं?

(इंग्रजी पत्रं आणि कोटेशनं आमच्याकडे तपासायला देणाऱ्या ग्राहकांसाठी)

सोलापूरचे टॉवेल परदेशी जातात, तशी त्यांच्या पुढे-मागे पत्रंही जातात. मालात खोट काढायला जागा नसते. पत्रात मात्र एकच चूक पुन्हा पुन्हा सापडते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ग्राहकाचं वाक्य पाहा: ‘आफ्टर वॉशिंग ट्वाइस, अवर क्वालिटी मॅनेजर फाउंड द कलर फास्ट.’ धुतला होता टॉवेल. पण इंग्रजी वाचणाऱ्याला दिसतं ते असं, की मॅनेजरसाहेब दोनदा अंघोळ करून आले आणि मग त्यांना रंग पक्का वाटला. इंग्रजीत सुरुवातीच्या अशा तुकड्याचा धनी म्हणजे स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो तो. तिथे भलताच बसला, की तुकडा लोंबकळतो; व्याकरणात याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात. आम्ही केलेली दुरुस्ती: ‘आफ्टर द टॉवेल वॉज वॉश्ड ट्वाइस’, पुढचं जसंच्या तसं.

ही चूक इंग्रजी कच्चं म्हणून होते असं आम्हाला वाटत नाही. ती मराठी पक्कं म्हणून होते. ‘गोदाम उघडल्यावर गठ्ठे ओले दिसले’ हे आपलं वाक्य चोख आहे, कारण ‘-ल्यावर’ला दोन वेगळे कर्ते चालतात. आता ‘-ऊन’ लावून बघा: ‘गोदाम उघडून गठ्ठे ओले दिसले.’ खटकलं ना? इंग्रजी ‘ओपनिंग द गोडाऊन, द बेल्स वेअर वेट’ तसंच खटकतं. गोदाम गठ्ठ्यांनीच उघडलं म्हणे! शंका आली की मनात ‘-ऊन’ लावून पाहा, बहुतेक वेळा उत्तर मिळतं. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’ असे रुळलेले शब्द याला अपवाद, त्यांची काळजी नको.

‘ओन्ली’चं दुखणं सोपं आहे. मराठीत ‘च’ ज्या शब्दाला चिकटतो, त्याच्या आधी ‘ओन्ली’ ठेवा. ‘आम्ही सुतीच टॉवेल रंगवतो’ म्हणजे ‘वी डाय ओन्ली कॉटन टॉवेल्स’. ‘वी ओन्ली डाय’ लिहिलंत तर तुम्ही फक्त रंगवता, विणत नाही, असाही अर्थ निघतो.

भांडणं लावणारा खरा शब्द म्हणजे ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत माल पाठवू’ याचं ‘टिल फ्रायडे’ करू नका. त्याचा अर्थ शुक्रवार उजाडेतो पाठवतच राहू. इथे ‘बाय फ्रायडे’ हवं. आणि तारखेत महिना अक्षरांत लिहा: 05/06 हा आपला 5 जून, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा 6 मे.

मजकूर मराठीत लिहून दिलात तरी चालेल, उलट बरंच. मापं, जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन), दर यांना आम्ही हात लावत नाही. शंका आली तर फोन करतो. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी ऑफिस बंद असतं, तेव्हा जानेवारीतली पत्रं दोन दिवस आधी द्या.