बाथरूमच्या लाद्या बदलायच्या आहेत? काम कुठवर जाऊ शकतं ते आधी वाचा

१९८० ते २००० च्या दरम्यान बांधलेल्या इमारतीत जुना फ्लॅट घेतलेल्या आणि घरात लहान मूल असलेल्या कुटुंबांसाठी आम्हा घरदुरुस्तीचं काम घेणाऱ्यांचं हे पत्रक आहे. सुरुवातीची मागणी बहुधा एवढीच असते: "बाथरूमच्या लाद्या तेवढ्या बदलून द्या." महिन्याभरात स्वयंपाकघराचा ओटा निघालेला असतो, वायरी लोंबत असतात आणि हॉलच्या रंगाचं बोलणं सुरू झालेलं असतं. याला दर वेळी कुणाची लबाडी किंवा हौस कारण नसते. पाणी, वीज आणि लाद्या एकाच भिंतीत असतात. एकाला हात लावला की दुसरं हलतं.

वाढलेलं काम आता करायचं की पुढे ढकलायचं, हे ठरवायला आम्ही एकच कसोटी लावतो. जे भिंतीच्या किंवा लादीच्या आत गाडलं जाणार, ते आताच करा. जे वरून बसणार, ते दोन वर्षांनी केलं तरी चालेल.

लादीमागे काय निघतं

काम सुरू होण्याआधी एक रुपयाचं नाणं घेऊन भिंतीवरच्या लाद्या ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर लादी घट्ट आहे. पोकळ, बद्द आवाज आला तर मागचा गिलावा सुटलेला आहे. अशा लाद्यांबरोबर गिलावाही येतो आणि जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप उघडे पडतात. आतून गंज चढून अर्ध्या इंची पाइपाचं भोक पेन्सिल जाईल एवढंच उरलेलं असतं. नवा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप त्याला जोडायला जुना सांधा पान्याने फिरवला की आटे तुटून आत अडकतात. मग पुढचा सांधा उघडावा लागतो, मग त्याच्या पुढचा. म्हणून अर्धा जुना, अर्धा नवा पाइप ठेवायचा आग्रह धरू नका. उभ्या मुख्य पाइपापासून नळापर्यंतची सगळी लाइन बदलण्याचा दर पहिल्याच अंदाजपत्रकात मागा.

स्वयंपाकघर अशा कामात येतं ते मधल्या भिंतीमुळे. ती बहुधा साडेचार इंची असते. बाथरूमच्या बाजूने ब्रेकर चालला की पलीकडच्या ओट्यामागच्या लाद्या सुटतात. त्या भिंतीत दोन्ही बाजूंनी समोरासमोर झिऱ्या, म्हणजे पाइप-वायरींसाठीच्या खाचा, मारू देऊ नका. मध्ये वीटच उरत नाही. सिंकची लाइन त्याच भिंतीतून जात असेल, तर ती याच वेळी बदला. नवा ओटा आणि ट्रॉल्या मात्र थांबू शकतात.

मोजमापं

५ × ७ फुटांचं बाथरूम धरा. जमीन ३५ चौ. फूट. सात फूट उंचीपर्यंतच्या भिंती, दार वजा जाता, साधारण १५० चौ. फूट. त्यावर दहा टक्के तूट धरून लाद्या घ्या आणि बंद खोक्यांवरचा बॅच व शेड क्रमांक जुळवून पाहा. प्रत्येक प्रकारच्या लादीचं एकेक खोकं शिल्लक ठेवा. पुढच्या वर्षी तीच शेड मिळेलच असं नाही.

राडारोड्याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. जमिनीच्या लादीखालचा नऊ इंच खोल भराव आणि भिंतींवरचा दोन इंच थर फोडला की तो फुगून दीडपट होतो. एवढ्याशा बाथरूममधून सुमारे ७५ ते ८० गोण्या निघतात, म्हणजे अडीच टनांच्या आसपास वजन. त्या सगळ्या एकाच खोलीत रचू देऊ नका. रोजच्या रोज खाली उतरवा. लिफ्ट वापरता येईल का, हे सोसायटीच्या लेखी परवानगीतच लिहून घ्या.

वॉटरप्रूफिंगला घाई नको

गळती सहसा जमिनीच्या मधोमध होत नाही. ती नहाणी ट्रॅपच्या (जमिनीवरचं पाणी जाळीतून जिथे उतरतं त्या भांड्याच्या) गळ्याशी आणि पाइप स्लॅबमधून जिथे उतरतो तिथे होते. ती जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घ्या. कोटिंग भिंतीवर किमान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट चढवा. मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलची खूण करा आणि ७२ तास हात लावू नका. खालच्या शेजाऱ्यांच्या छताचा फोटो पाणी भरण्याआधी काढा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा. हीच चाचणी कोबा, म्हणजे कोटिंगवरचा विटा-सिमेंटचा थर, झाल्यावर परत करा. मिस्त्री "एक रात्र पुरे" म्हणाले तरी ऐकू नका. लाद्या बसल्यावर गळती निघाली, तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

पाइपांची चाचणीही झिऱ्या बुजवण्याआधीच हवी. जोड सुकायला एक दिवस द्या, हातपंपाने ७ ते ८ किलोचा दाब भरा आणि काटा खाली येतो का ते काही तास पाहा.

व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही. त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या रबडीवर ती धरत नाही आणि वर्षभरात पोकळ वाजू लागते. तिला टाइल अ‍ॅडेसिव्हच लागतं. जमिनीला ट्रॅपकडे १:८० ते १:१०० उतार ठेवा.

हॉलची लादी आणि दारं

जुन्या लादीवर नवी लादी बसवणं स्वस्त दिसतं. पण लादी आणि अ‍ॅडेसिव्ह मिळून जवळपास अर्धा इंच उंची वाढते. मग प्रत्येक दार खालून तासावं लागतं आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराचा ट्रॅक खड्ड्यात जातो. सर्व खोल्यांत एकदम करणार नसाल, तर मधे पायरी तयार होते आणि रांगणारं मूल नेमकं तिथेच अडखळतं. बाथरूमच्या आत जुन्यावर नवी लादी आम्ही बसवत नाही, कारण गळती खाली तशीच राहते.

वायरिंग रंगाआधी

गीझर, एसी आणि इंडक्शन वाढले की जुन्या वायरी तापतात. दिव्यांना १.५, साध्या प्लगना २.५ आणि गीझर-एसीला ४ चौ. मि.मी. तांब्याची वायर घाला. वीजबिलावर मंजूर भार किती किलोवॅट आहे ते पाहा. दोन किलोवॅटचा एक गीझरच जवळजवळ नऊ अँपिअर घेतो.

घरात मूल असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. तो जुन्या वायरिंगवर लावला की वारंवार पडतो, कारण दोन सर्किटांचे न्यूट्रल (वीज परत नेणाऱ्या तारा) कुठेतरी एकत्र जोडलेले असतात. त्रास नको म्हणून तो काढून टाकू नका. न्यूट्रल वेगळे करून घ्या. आज एसी घ्यायचा नसला तरी त्याचा पाइप आणि वायर भिंतीत टाकून ठेवा.

नवा गिलावा पुरता सुकायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी पुट्टी लावली तर पोपडे येतात. जुन्या दार-खिडक्यांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशासाठी ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओला खरवडा, धूळ ओल्या फडक्याने पुसा. तेवढे दिवस मूल आणि गरोदर बाई दुसरीकडे राहिलेल्या बऱ्या.

फर्निचरची मापं लादी आणि गिलावा झाल्यावरच सुताराला द्या. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चं (पाण्याला टिकणारं मरीन) प्लाय वापरा, बाकी ठिकाणी साधं चालतं.

जादा कामाची चिठ्ठी

काम वाढलं की हातोडा पडण्याआधी आम्ही एक चिठ्ठी देतो. तिच्यावर काम, माप, दर, १८ टक्के जीएसटी आणि वाढणारे दिवस लिहिलेले असतात. तुमची सही झाल्याशिवाय ते काम सुरू होत नाही. फोनवरच्या "करून टाका" वर आम्ही काम धरत नाही, तुम्हीही सांगू नका. एका बाथरूमला १८ ते २२ दिवस धरा. दोन बाथरूम असतील तर पहिल्यातला नळ सुरू झाल्यावरच दुसरं फोडा. जुन्या घरात ठरलेल्या रकमेच्या १० ते १५ टक्के वेगळे काढून ठेवा आणि ते पैसे सोफ्याकडे वळवू नका.

झिऱ्या बुजवण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. कोपऱ्यापासून किती इंचावर कुठला पाइप आणि कुठली वायर आहे, ते त्यात दिसायला हवं. पुढे आरशासाठी किंवा फळीसाठी भोक पाडताना तोच फोटो उघडा.