जागेची परवानगी वेगळी, बांधकामाचा परवाना वेगळा

लहान गावात घर बांधायचे ठरले की माणूस कचेरीत जातो आणि तिथल्या एकाच टेबलावर विचारून येतो. "हो, तिथे घर बांधता येईल," एवढे ऐकले की पाया खणायला माणसे बोलावतो. पण त्या एका 'हो'मध्ये निम्मेच उत्तर आलेले असते. "तिथे घर चालेल" हे एक उत्तर झाले. "या नकाशाप्रमाणे बांधायला हरकत नाही" हे दुसरे. मराठीत आपण दोन्हींना सरसकट परवानगी म्हणतो, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. या लेखापुरते पहिलीला जागेची परवानगी म्हणू आणि दुसऱ्याला बांधकाम परवाना.

जागेची परवानगी देणारा जमिनीकडे आणि तिच्या आजूबाजूला बघतो. वापर शेतीचा आहे, राहण्याचा आहे की दुकानाचा, इमारत किती उंच होणार, रस्त्यापासून आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती जागा सोडली, पुराचे पाणी कुठवर येते, हे त्याचे प्रश्न. बांधकाम परवाना देणाऱ्याला तुमचे घर शेजाऱ्याला आवडेल की नाही याच्याशी कर्तव्य नसते. पाया त्या मातीत टिकेल का, तुळया छपराचा भार घेतील का, वायरिंग सुरक्षित आहे का, आग लागली तर झोपायच्या खोलीतून बाहेर कसे पडणार, हे तो तपासतो. घर तेच असते, पण दोघांच्या हातातली कागदपत्रेसुद्धा निराळी असतात. पहिल्याला जमिनीचा आराखडा हवा असतो, दुसऱ्याला इमारतीचे छेद, म्हणजे ती उभी कापल्यासारखी आतून दाखवणारे नकाशे, आणि मापे.

दोन्हींचा इतिहासही वेगळा आहे. घर मजबूत असलेच पाहिजे, ही मागणी फार जुनी. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या, बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या कायद्यात, घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड सांगितला आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडन पुन्हा उभारताना बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्याच हव्यात असा कायदा झाला. कुठे काय असावे हे सरकारने ठरवायचे, ही आजच्या अर्थाने बरीच अलीकडची गोष्ट. न्यूयॉर्कने पूर्ण शहरासाठी असे नियम १९१६ मध्ये केले. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या नियमांना मान्यता दिली, तो खटला युक्लिड नावाच्या क्लीव्हलँडजवळच्या छोट्या गावाचा होता. ब्रिटनची आजची पद्धत १९४७ च्या कायद्यापासून सुरू झाली.

फरक नीट पाहायचा असेल तर इंग्लंडचे उदाहरण घ्यावे, कारण तिथे दोन्ही वाटा स्पष्टपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. घराच्या माळ्यावर खोली काढायची असेल तर बहुतेक वेळा जागेची परवानगी लागत नाही, पण बांधकामाच्या नियमांखालची मंजुरी लागतेच. खोलीचा नवा तळ, नवा जिना, आगीपासून बचाव हे सगळे तपासले जाते. आता उलटे पाहा. अंगणात १५ चौरस मीटरपर्यंतची सुटी खोली उभारली आणि तिथे कोणी झोपणार नसेल, तर बांधकामाचे नियम सहसा लागू होत नाहीत. तीच खोली घराच्या दर्शनी बाजूच्या पुढे आली की जागेची परवानगी मात्र मागावी लागते. दोन मीटरपेक्षा उंच कुंपणाचेही तसेच. म्हणजे एकातून सूट मिळाली म्हणून दुसऱ्यातून मिळेल असे नाही, आणि लोक नेमके हेच गृहीत धरतात.

लहान गावात घोटाळा आणखी एका कारणाने होतो. काही ठिकाणी दोन्ही कामे एकच माणूस सांभाळतो आणि तोही अर्धवेळ. तो आज कोणत्या नात्याने बोलतो आहे, हे अर्जदाराला कळत नाही. काही ठिकाणी जागेचा निर्णय गावात होतो आणि बांधकामाची तपासणी जिल्ह्याच्या कचेरीतून होते. गावाने होकार दिला हे जिल्ह्याला कोणी कळवत नाही, कळवायचे तुम्हालाच असते. आणि काही ग्रामीण भागांत यातली एक परवानगी अस्तित्वातच नसते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये गावाच्या हद्दीबाहेर काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या प्रशासनाला, साधारणपणे जमिनीचा वापर ठरवण्याचा अधिकार नाही. हे ऐकून माणसे निर्धास्त होतात आणि मलनिस्सारणापाशी अडकतात. गटार नसलेल्या भागात सेप्टिक टाकीची परवानगी ही बहुधा तिसरीच गोष्ट असते, ती आरोग्य खात्याकडे असू शकते, आणि माती पाणी किती वेगाने शोषते हे पाहिल्याशिवाय ती मिळत नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत शोषक्षेत्र, म्हणजे टाकीतले पाणी जिथे मातीत मुरते ती जागा, विहिरीपासून १०० फूट दूर ठेवावे लागते. छोट्या तुकड्यावर हे अंतर सोडले की घराला जागा कुठे उरते, हे आधी मोजून पाहा. माझ्या मते ग्रामीण भागात हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, नकाशा काढायच्याही आधी.

नकार आला तर काय करायचे, इथे दोन्हींमधला फरक सगळ्यात जास्त जाणवतो. जागेचा नियम आडवा आला, समजा जमिनीचा तुकडा चिंचोळा आहे आणि सोडायचे अंतर सोडले तर घर बसतच नाही, तर अनेक ठिकाणी सवलत मागता येते. त्यासाठी सुनावणी होते, शेजाऱ्यांना नोटीस जाते, त्यांना बोलायचा हक्क असतो. तिथे "मोठे घर हवे आहे" किंवा "खर्च वाढतो" या कारणांना फारसे वजन नसते. अडचण जमिनीतूनच आलेली आहे, तिचा आकार, उतार, ओढा यांमुळे नियम पाळणे शक्य नाही, हे दाखवावे लागते. सुनावणीच्या आधी शेजाऱ्यांकडे स्वतः जाऊन नकाशा दाखवलेला बरा. लहान गावात नोटिशीतून कळलेली गोष्ट मनाला लागते.

बांधकामाच्या नकाराला ही वाट उपयोगाची नाही. तुळई कमी जाडीची आहे असे तपासनीस म्हणाला तर शेजाऱ्यांच्या सह्यांनी ती जाड होत नाही. तिथे अभियंत्याचे गणित लागते, किंवा तुळई बदलावी लागते. हा नकार बऱ्याचदा सोपा असतो, कारण काय दुरुस्त करायचे ते त्यात लिहिलेले असते.

मुदतीचेही लक्ष ठेवायला हवे. इंग्लंडमध्ये जागेची परवानगी जमिनीला चिकटलेली असते, मालक बदलला तरी ती राहते, पण साधारणपणे तीन वर्षांत काम सुरू करावे लागते. बांधकाम परवाना एका विशिष्ट कामाचा असतो. अमेरिकेत घरांसाठी बऱ्याच ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या आदर्श नियमावलीत १८० दिवसांत काम सुरू झाले नाही, किंवा मध्येच तेवढे दिवस बंद पडले, तर परवाना रद्द धरला जातो. जे लोक पैसे जमतील तसे थोडे थोडे बांधतात त्यांना हे फार जाचते. मुदतवाढ बहुतेक ठिकाणी मिळते, फक्त ती मुदत संपण्याआधी लेखी मागावी लागते.

विनापरवाना बांधून नंतर नियमित करायचे म्हटले तर तिथेही दोन वेगळे अर्ज. जागेच्या बाबतीत उभ्या इमारतीकडे पाहून निर्णय होऊ शकतो. बांधकामाच्या बाबतीत जे झाकले गेले ते उघडून दाखवावे लागते, म्हणजे प्लास्टर फोडा, पायाशेजारी खड्डा खणा. म्हणूनच बांधकामाची तपासणी टप्प्याटप्प्याने होते आणि पायाची तपासणी काँक्रीट ओतण्याआधीच व्हावी लागते. गावात तपासनीस आठवड्यातून एखाद्या दिवशीच येत असेल तर त्याचा वार आधी विचारून ठेवा आणि काँक्रीटवाल्याला त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख द्या.