वेबसाइट डिझाइनसाठी स्वस्त इमेज एडिटर

वेबसाइटला लागणारे फोटो, बॅनर, लोगो, आयकॉन हे सगळं फोटोशॉपशिवाय, कमी पैशातल्या किंवा चक्क फुकटच्या सॉफ्टवेअरवर तयार करायची पद्धत. फुकटवाल्यांमध्ये सगळ्यात जास्त नाव गिम्पचं, बाकी विंडोजवर पेंट डॉट नेट, ब्राउझरमध्येच चालणारं फोटोपी, आणि जुन्या लोकांना आठवत असेल ते पेंट शॉप प्रो, जे 1990 पासून शेअरवेअर म्हणून, म्हणजे आधी फुकट वापरून बघा आणि आवडलं तर पैसे भरा असं, फिरायचं. 2013 मध्ये अडोबीने नवीन फोटोशॉप फक्त सबस्क्रिप्शनवर द्यायला सुरुवात केली, म्हणजे एकदाच पैसे भरून विषय संपवायची सोय गेली, आणि घरून छोटी कामं घेणारे बरेच जण तेव्हापासून पर्याय बघायला लागले.

गिम्प सुरू केलं स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी, 1995 मध्ये. त्याची बटणं, मेनू काढायला जी लायब्ररी (तयार कोडचा संच) लिहिली ती जीटीके, आणि पुढे लिनक्सचा अख्खा ग्नोम डेस्कटॉप तिच्यावर उभा राहिला. गिम्पच्या सुट्ट्या सुट्ट्या खिडक्यांना लोक वर्षानुवर्षं वैतागले होते, 2012 च्या 2.8 व्हर्जनमध्ये सगळं एकाच खिडकीत बसवायची सोय आली.

आता मुद्दा असा की वेबच्या कामाला महागड्या सॉफ्टवेअरमधलं निम्मं काही लागतच नाही. छपाईला सीएमवायके, म्हणजे चार शाईंची रंगपद्धत लागते, त्यात गिम्प कच्चं आहे, म्हणून प्रेसचं काम करणारे डीटीपीवाले त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण स्क्रीन आरजीबीवर, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशावर चालते, तिथे ही अडचण येतच नाही. ‘वेबसाठी 72 डीपीआय (इंचाला 72 ठिपके) ठेवा’ हे सुद्धा उगाच पाठ केलेलं असतं, ब्राउझर तो आकडा बघतही नाही, तो बघतो फक्त पिक्सेल.

नेहमीचं काम बघा. क्लायंट मोबाइलवरून दुकानाचा फोटो पाठवतो, 4000 बाय 3000 चा, चार-पाच एमबीचा. तो आधी क्रॉप करायचा, मग ‘स्केल इमेज’मधून रुंदी 1600 करायची, लहान केल्यावर फोटो थोडा मऊ पडतो म्हणून हलकं शार्पन मारायचं, आणि ‘एक्सपोर्ट अ‍ॅज’ने जेपेग किंवा वेबपी काढायचा. जेपेग काढताना प्रिव्ह्यूवर टिक केली की क्वालिटीची पट्टी सरकवताना फाइल किती केबीची होतेय ते तिथेच दिसतं, बहुतेक फोटो 75-80 वर मस्त दिसतात. एक्झिफची, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोत लपवून ठेवलेल्या माहितीची टिक काढून टाका, नाहीतर फोटो कुठे काढला त्याचं लोकेशनही सोबत वर चढतं. पारदर्शक लोगो असेल तर पीएनजी. आणि लेयरवाली, म्हणजे चित्राचे थर सुटे ठेवणारी गिम्पची एक्ससीएफ फाइल वेगळी जपून ठेवायची, कारण क्लायंट आठवड्याने परत येतोच, ‘फक्त जरा रंग बदला’ म्हणत. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो, 2.8 पासून ‘सेव्ह’ केलं की फक्त एक्ससीएफच होतं, जेपेग हवा तर एक्सपोर्टच करावं लागतं.

मराठीत बॅनर करणाऱ्यांना अजून एक गोष्ट उपयोगी पडते. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये योग्य सेटिंग नसेल तर युनिकोड देवनागरी टाइप केल्यावर वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं तुटतात. गिम्प अक्षरं जुळवायला पँगो नावाची लायब्ररी वापरतं, त्यामुळे ‘क्ष’, ‘श्री’, ‘र्‍या’ सरळ उमटतात, आणि सोबत मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता किंवा बालू हे फुकट फॉन्ट घेतले की काम भागतं. तरी मजकूर शक्यतो चित्रात भरूच नये, मोबाइलवर तो मुंगीएवढा होतो आणि सर्चमध्येही नीट सापडत नाही.

एके काळी पानाचं अख्खं डिझाइन इमेज एडिटरमध्येच काढून त्याचे तुकडे करून वेबपानाच्या टेबलात बसवायचे, गिम्पमध्ये त्यासाठी गाइडवरून (चित्रावर ओढलेल्या मदतीच्या रेषांवरून) कापायचं टूल आजही आहे. आता गोल कोपरे, सावल्या, ग्रेडियंट सीएसएसच (वेबपानाचं रूप ठरवणारा कोड) करतं आणि लेआउट फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये होतो, त्यामुळे एडिटरकडे उरलंय ते मुख्यतः फोटोचं काम.

खरी अडचण येते ती दुसऱ्या डिझायनरने पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल पाठवली की. गिम्प ती उघडतं, पण लेयर इफेक्ट, स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ चित्र जपून आत बसवलेला लेयर) यांचं काय होईल याचा भरवसा नसतो. अशा वेळी फोटोपी बरं पडतं, जाहिराती दिसतात पण फाइल आपल्याच मशीनवर राहते. लेयरचे इफेक्ट नंतर बदलता येण्याची सोय गिम्पमध्ये मार्च 2025 च्या 3.0 पासून आली, म्हणजे जुन्या व्हर्जनवर बसलेल्यांनी आधी अपडेट करून घ्यावं.