जाळीतील चौरस आणि जाळीतील आयत: २०४ आणि १२९६ यांमागील हिशेब

शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीची किंवा एखाद्या स्पर्धा परीक्षेची तयारी करताना दोन प्रश्न एकमेकांच्या इतके जवळ येतात, की पुष्कळ विद्यार्थी एकाचे सूत्र दुसऱ्याला लावून मोकळे होतात. आकृतीत एकूण चौरस किती, हा पहिला प्रश्न, आणि त्याच आकृतीत एकूण आयत किती, हा दुसरा. आकृती तीच असली तरी मोजण्याची रीत मुळातच वेगळी आहे, आणि ती वेगळी का आहे हे समजले तर सूत्र पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

बुद्धिबळाचा पट घेऊ. एका घराचे चौरस ६४ आहेत. दोन घरे बाजू असलेला चौरस पटावर आडवा सरकवला तर त्याला ७ जागा मिळतात आणि उभा सरकवला तरी ७, म्हणून असे चौरस ४९. बाजू एकेका घराने वाढत जाते तशी सरकण्याची मोकळीक दोन्ही दिशांनी एकेकाने घटते, आणि ६४, ४९, ३६, २५, १६, ९, ४, १ अशी वर्गसंख्यांची उतरंड तयार होते. तिची बेरीज २०४.

आयतांसाठी हीच रीत वापरता येते, पण १×२, १×३, २×३ असे प्रत्येक मापाचे आयत वेगळे मोजत बसणे कंटाळवाणे तर आहेच, शिवाय एखादे माप हमखास निसटते. त्यापेक्षा घरांकडे न पाहता रेषांकडे पाहावे. पटावर ९ उभ्या आणि ९ आडव्या रेषा असतात. कोणत्याही दोन उभ्या आणि कोणत्याही दोन आडव्या रेषा निवडल्या, की त्यांच्यामध्ये नेमका एक आयत सापडतो. नऊ रेषांतून दोन निवडण्याचे प्रकार ९×८÷२, म्हणजे ३६ होतात, आणि उभ्या रेषांच्या प्रत्येक निवडीबरोबर आडव्या रेषांची कोणतीही निवड चालत असल्यामुळे आयत ३६×३६, म्हणजे १२९६ होतात.

दोन्ही मोजण्यांतला खरा भेद इथेच आहे. आयताची रुंदी आणि उंची एकमेकींना बांधलेल्या नसतात, म्हणून तिथे गुणाकार चालतो. चौरसाची रुंदी ठरली की उंचीही ठरून जाते, त्यामुळे एकेक माप घेऊन बेरीजच करावी लागते. शिवाय प्रत्येक चौरस हा आयतही असतो, त्यामुळे १२९६ मध्ये ते २०४ आलेलेच आहेत. ‘चौरस नसलेले आयत किती’ असे विचारले असेल तरच वजाबाकी करून १०९२ हे उत्तर द्यावे.

लहान जाळ्यांपासून सुरुवात करून दोन्ही क्रम शेजारी मांडले तर आणखी एक संबंध दिसतो. चौरसांचा क्रम १, ५, १४, ३०, ५५ असा जातो आणि त्यातील फरक ४, ९, १६, २५ हे वर्ग आहेत. आयतांचा क्रम १, ९, ३६, १००, २२५ असा आहे. त्यातील फरक ८, २७, ६४, १२५, म्हणजे चक्क घन. वर्गांचे कारण सरकत्या चौरसात दिसलेच, पण सपाट आकृतीत घन कोठून आले? ३×३ ची जाळी ४×४ करताना उजवीकडे एक उभी आणि खाली एक आडवी रेषा वाढते. नव्या उभ्या रेषेला टेकणारे आयत मोजायचे, तर डावी बाजू निवडण्याचे ४ प्रकार आणि आडव्या रेषांची जोडी निवडण्याचे १० प्रकार मिळून ४० होतात. नव्या आडव्या रेषेला टेकणारेही ४०. दोन्ही रेषांना टेकणारे १६ आयत दोनदा मोजले गेले, ते एकदा वजा केले की उरतात ६४, म्हणजेच ४ चा घन.

या दोन्ही बेरजा आपल्याकडे फार जुन्या आहेत. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ‘आर्यभटीया’च्या गणितपादात वर्गांच्या आणि घनांच्या बेरजेचे नियम एकाच श्लोकात दिले आहेत. पहिल्या नियमाने ८×९×१७÷६, म्हणजे २०४ मिळतात. दुसऱ्याने १ ते ८ ची बेरीज ३६ घेऊन तिचा वर्ग करायचा, की १२९६.

जाळी चौरसाकृती नसेल तेव्हा मात्र सर्वाधिक गोंधळ होतो. ३×४ च्या जाळीत चौरस किती, याचे उत्तर कोणी १४ देतो, कोणी ३०, दोन्ही चूक. इथे दोन्ही बाजू एकेकाने कमी करत १२, ६ आणि २ मिळवावे लागतात, म्हणून चौरस २०. आयतांची रीत मात्र जराही बदलत नाही: ४ रेषांतून दोन निवडण्याचे ६ प्रकार, ५ रेषांतून दोन निवडण्याचे १० प्रकार, एकूण ६०. माझ्या मते आयतांचा प्रश्न आधी शिकवावा आणि चौरसांचा नंतर, कारण दिसायला अवघड असला तरी तोच अधिक सरळ आहे.

रेषांऐवजी नुसते ठिपके दिले असतील, तर तिरके चौरसही मोजावे लागतात. ३×३ ठिपक्यांत सरळ चौरस ५ आणि मधल्या ठिपक्याभोवतीचा तिरका १, असे ६ होतात. पटाच्या रेषा जिथे छेदतात ते सगळे ८१ बिंदू घेतले तर हीच संख्या २०४ वरून ५४० वर जाते.